आधीचा फोटो

नळ स्टॉपजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर खांबेटे बाईंच्या दवाखान्यात
माझं काम एवढंच: आधीचा फोटो काढायचा.
समोरून, डावीकडून, उजवीकडून, हनुवटी वर करून.
मागे निळा पडदा. फरशीवर चिकटपट्टीची खूण.
हसू नका, म्हणतो मी.
तीस वर्षं लक्ष्मी रोडच्या स्टुडिओत
याच्या उलट सांगत आलो.

तिथे निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवायचो,
बघायला येणार म्हणून फोटो काढलेल्या मुलींच्या
गालावरचे वण बुजवायचो.
आईला फोटो आवडायचा.
मुलगी पाकीट उघडून बघायची
शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईकडे बघावं तशी.
त्याचे दहा रुपये वेगळे लावायचो.

ऋग्वेद चांदगुडे तिसऱ्यांदा आलाय.
नोकरी हिंजवडीला, गाव भोर.
नाकाचं एक ऑपरेशन मुंबईत,
दुसरं कुठे ते सांगत नाही.
मोबाईलमध्ये एकाच कोनातून काढलेले
चारशे बारा फोटो, तारीखवार.
हे बघा काका, जानेवारीत कमी होतं.
मी चष्मा पुसतो, परत बघतो.
चेहरे बघून संसार केला,
पण मला जानेवारी दिसत नाही.

फॉर्मवर एक ओळ आहे, बाईंनी हट्टानं घातलेली:
हे तुम्हाला पहिल्यांदा कोण म्हणालं?
बहुतेक जण तिथे आडवी रेघ मारतात.
त्यानं पेन टेकवलं, उचललं, टेकवलं.
मग सांगितलं, मला नाही, पडद्याला:
मामेबहीण. मी सातवीत.
आंबे चोखत बसलो होतो सगळे, ती म्हणाली, पोपट.
सगळे हसले. मीपण.
परवा तिच्या मुलाच्या बारशाला विचारलं.
म्हणाली, मी? कधी रे?
खरंच आठवत नव्हतं तिला, काका.
खोटं बोलली असती
तर बरं झालं असतं.

याच खुर्चीत भागीरथी सुतार बसल्या होत्या, कात्रजच्या.
तोंडानं घ्यायचं नाही ते नाव
बाराव्या वर्षी हातावर गोंदलेलं, हिरवं, जाड.
लिहिता येत नाही म्हणून फॉर्म मी भरला.
कोण म्हणालं?
कोन म्हननार? मीच म्हनले.
भांड्यावर नाव घालत्यात तसं घातलं व्हतं त्यानं.
तो गेला. आता भांडं माझं हाय.
सहा वेळा आल्या. लेझर भाजत होता, हूं की चूं नाही.
नंतरचा फोटो दाखवला तर बघितलाही नाही,
बाही खाली ओढली,
कात्रजची बस इथूनच का समोरून, एवढंच विचारलं.

ऋग्वेदला बाई नाही म्हणाल्या.
नाक नीट आहे, मी हात लावणार नाही.
वर तिसऱ्या मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञ बसतात,
त्यांच्याशी बोल.
म्हणजे मी वेडा?
म्हणजे तू दमलायस, बाई म्हणाल्या,
आणि चिठ्ठी लिहीपर्यंत वर पाहिलं नाही.

जाताना माझ्यापाशी थांबला.
आजचा फोटो पुसणार ना?
नाही, म्हटलं, पाच वर्षं ठेवतो आम्ही.
मग मला एक द्या.
छापून दिला. पेन्सिल लावली नाही,
हात मात्र शिवशिवला, खोटं कशाला सांगू.
त्यानं तो पालथा धरला,
चिठ्ठीच्या घडीत घातला.
जिना चढला की उतरला, ते पावलांवरून कळेना.

पुढचा पेशंट यायला वेळ होता.
खिडकीतून पाहिलं तर तो खाली, स्कूटरपाशी.
स्कूटरला आरसे नव्हते, नुसते दोन दांडे.
हेल्मेट घातलं, काळी काच ओढली,
सिग्नलच्या गर्दीत जाऊन उभा राहिला:
पुढे मागे स्कार्फ गुंडाळलेल्या मुली,
कानटोप्या, मास्क, गॉगल.
सिग्नल सुटला तेव्हा
त्यातला तो कुठला, मला सांगता येईना.

चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती.
नखानं दाबून पाहिली,
मग नवीनच लावली.